विमानाचा दिवा : पाहण्यासाठीं कीं दिसण्यासाठीं?

भर दुपारच्या लख्ख उन्हांत कुर्ला-घाटकोपरच्या बाजूनें मुंबईच्या विमानतळाकडे उतरणारें विमान ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांच्या ध्यानांत एक चमत्कारिक गोष्ट आली असेलच. डोक्यावर सूर्य तळपत असतां त्या विमानाचे मोठाले पांढरे दिवे खुशाल जळत असतात. आपल्या घरांत दिवसा एखादा दिवा जळत राहिला तर वडील मंडळी लगेच बोलून दाखवितात. मग कोट्यवधि रुपयांचें यंत्र चालविणाऱ्या शहाण्या माणसांना ही उधळपट्टी कां सुचावी, असा प्रश्न एखाद्या जिज्ञासु मुलानें विचारला, तर तो अप्रयोजक म्हणतां येणार नाहीं. या प्रश्नाचें उत्तर यंत्रशास्त्रांत आहे त्याहून अधिक इतिहासांत आहे. आणि तो इतिहास पुरता सव्वाशे वर्षांचाहि नसला, तरी आमच्या मतें मोठा बोधप्रद आहे.

रात्रीच्या बैलगाडीला आंसाखालीं कंदील टांगण्याची आपल्याकडे जुनी चाल होती. बैलांना वाट ठाऊक असे, गाडीवान बहुधा डुलक्या घेत असे, आणि त्या मिणमिणत्या उजेडांत पुढचा रस्ता कोणाला दिसत असेल असें म्हणणें धाडसाचेंच होईल. तरीहि कंदील लावावयाचा, कारण तो गाडीवानासाठीं नव्हताच. तो समोरून व मागून येणारासाठीं होता. दिवा या वस्तूचे असे दोन धर्म आहेत. लावणाराला जग दाखविणें हा एक, आणि जगाला लावणारा दाखविणें हा दुसरा. विमानाच्या पुढल्या बाजूस जो प्रखर दिवा असतो, त्यास वैमानिक 'लँडिंग लाइट' म्हणतात. आपण त्यास या लेखापुरतें 'अवतरण-दीप' म्हणूं. या दीपाचा जन्म पहिल्या धर्मासाठीं झाला, आणि आज तो मुख्यतः दुसऱ्या धर्मासाठीं जळत आहे. हें स्थित्यंतर कसें घडलें हें पाहिलें, म्हणजे वैमानिकानें हा दिवा केव्हां लावावा व केव्हां मालवावा, या आज रूढ असलेल्या संकेतांचा अर्थ आपोआप उलगडतो.

विमानविद्येच्या बाल्यावस्थेंत रात्र ही वैमानिकाची सुट्टी होती. सूर्य मावळला कीं विमान झांकून ठेवावयाचें, हाच शिरस्ता. तो मोडण्याचें धाडस १९१० च्या एप्रिल महिन्यांत क्लॉड ग्रॅहम-व्हाइट या इंग्रज वैमानिकानें केलें. लंडनहून मँचेस्टरला विमानानें जाणारास 'डेली मेल' पत्रानें दहा हजार पौंडांचें बक्षीस लावलें होतें, आणि लुई पॉलाँ हा फ्रेंच प्रतिस्पर्धी पुढें निघून गेला होता. त्यास गांठावयाचें तर रात्रींच निघणें प्राप्त होतें. ग्रॅहम-व्हाइट पहाटे तीनच्या सुमारास काळोखांत उडाला, तो मित्रांच्या मोटारींच्या दिव्यांनीं उजळलेल्या शेतांतून. पुढें आगगाडीचा मार्ग व स्टेशनांचे दिवे हेच त्याचे वाटाडे. बक्षीस पॉलाँनेंच पटकावलें. पण रात्रीं उडतां येतें, मात्र जमिनीवर कोणीतरी दिवा धरला पाहिजे, ही गोष्ट त्या पहाटे सिद्ध झाली.

पुढें अकरा वर्षांनीं अमेरिकेंतील टपालखात्यापुढें हाच प्रश्न अधिक निकडीनें उभा राहिला. विमानानें दिवसभरांत कमाविलेला वेळ रात्रीं टपाल आगगाडींत चढविल्यानें वायां जाई. मग विमानाचा खर्च कशासाठीं करावयाचा, असें कायदेमंडळांत विचारलें जाऊं लागलें. १९२१ च्या फेब्रुवारींत खात्यानें अहोरात्र टपाल नेण्याचा प्रयोग केला. जॅक नाइट नांवाच्या वैमानिकानें नॉर्थ प्लॅटहून ओमाहापर्यंत आपला टप्पा रात्रीं पुरा केला, आणि पुढच्या टप्प्याचा माणूस तेथें नाहीं असें दिसतांच अनोळखी मार्गानें शिकागोपर्यंत तोच उडत गेला. वाटेंत टपालखात्याच्या नोकरांनीं व शेतकऱ्यांनीं ठिकठिकाणीं शेकोट्या पेटवून ठेविल्या होत्या. या एका रात्रीनें खात्याची अब्रू राखली. लवकरच शिकागो ते शायेन या मार्गावर फिरत्या झोतांचे दीपस्तंभ उभे राहिले, आणि १ जुलै १९२४ पासून खंडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत अहोरात्र टपालसेवा नियमित सुरू झाली. त्या सेवेंतील विमानांच्या पंखांना उतरण्यासाठीं झोताचे दिवे बसविलेले असत. आणि आडरानांत उतरण्याची पाळी आली तर खालची भूमि दिसावी म्हणून छत्रीला बांधलेले जळते गोळे सोडण्याची सोय असे. येथें अवतरण-दीपाचा मूळ हेतु स्वच्छ दिसतो. खालीं शेत आहे, झाड आहे, कीं तार आहे, हें वैमानिकाला दिसावें एवढ्यासाठींच तो होता.

आपल्याकडे रात्रीच्या टपालाचा हा अध्याय १९४९ सालीं सुरू झाला, आणि त्याचें केंद्र आज महाराष्ट्रांत असलेलें नागपूर हें होतें. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार दिशांच्या चार शहरांतून रात्रीं विमानें निघत, मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत, आणि पहाटेच्या आंत आपापल्या गांवीं परत जात. मुंबईंत संध्याकाळीं पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास पोंचूं लागलें, तें या मध्यरात्रीच्या मेळाव्यामुळें. त्या कामावरील डाकोटा विमानांच्या पंखांच्या पुढल्या कडेंत कांचेआड बसविलेले अवतरण-दीप असत. चार दिशांनीं चार विमानें एकाच तळाकडे एकाच प्रहरीं येऊं लागलीं, म्हणजे त्या दिव्यांचा उपयोग केवळ जमीन पाहण्यापुरता उरत नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

परंतु त्या आधींच जमिनीवर मोठा पालट होऊं लागला होता. विमानतळ स्वतःच उजळले. धांवपट्टीच्या कडांना दिव्यांच्या ओळी आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत फार्नबरो येथील संशोधक कॅल्व्हर्ट यांनीं मध्यरेषा व तिला छेदणारे आडवे पट्टे अशी दिव्यांची मांडणी शोधून काढली, आणि धुक्यांतहि वैमानिकाला आपण सरळ येत आहों कीं तिरपे, हें समजूं लागलें. याचा परिणाम असा झाला कीं अवतरण-दीपाचें मूळ काम बऱ्याच अंशीं धांवपट्टीनेंच उचललें. दिवा मात्र विमानावर राहिला. सहाशे वॅटचा तो दिवा अतिशय तापे. त्याची तार लवकर तुटे. कित्येक विमानांत तो पंखाखालून बाहेर काढावा लागे, व बाहेर काढला कीं वाऱ्याचा अडथळा वाढे. म्हणून तो जपून वापरावा, गरजेपुरता लावावा व लगेच मालवावा, हीच काटकसरी शिकवण वैमानिकांना मिळत असे.

आतां या कथेचा दुसरा धागा पाहूं. आपण दुसऱ्यास दिसावें म्हणून विमानाला जे दिवे प्रथम मिळाले, ते समुद्राकडून उसने घेतलेले होते. आगबोटीनें डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा लावावा, हा दंडक ब्रिटिश आरमारखात्यानें १८४८ सालीं घातला होता. १९१९ च्या ऑक्टोबरांत पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा जो करार झाला, त्याच्या एका परिशिष्टांत दिवे व खुणा यांचे नियम होते. आणि तांबडा, हिरवा व मागील पांढरा हीच त्रयी आकाशांत गेली. तांबडा दिवा दिसला तर समोरचें विमान कोणत्या दिशेस चाललें आहे हें ओळखतां येतें. युक्ति सुंदर खरी. पण ती सावकाश चालणाऱ्या बोटींसाठीं योजलेली. बोटीवरील माणसास विचार करण्यास मिनिटें मिळतात. वैमानिकास सेकंद मिळतात. शिवाय हे मंद दिवे दिवसा असून नसल्यासारखेच.

आणि अपघात तर दिवसाच घडत होते. ७ एप्रिल १९२२ रोजीं उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतांत, दिवसाउजेडीं पण धुकट हवेंत, लंडन-पॅरिस मार्गावरील दोन उतारू विमानें समोरासमोर आदळलीं व सातहि माणसें मेलीं. उतारू विमानांच्या टकरीची ही पहिलीच घटना. तिच्यानंतर मार्ग आंखून देणें व उजवी बाजू धरून चालणें यांवर भर देण्यांत आला. पण विमानें वाढलीं, वेग वाढले, आणि ३० जून १९५६ रोजीं अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यनवर दोन मोठीं विमानें भरदिवसा आदळून १२८ माणसांचा बळी गेला. या अनर्थानें तो देश इतका हादरला कीं १९५८ सालीं विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठीं स्वतंत्र खातेंच कायद्यानें निर्माण करण्यांत आलें.

एवढें मोठें विमान समोर असतां तें दिसत कसें नाहीं, अशी शंका घरीं बसून घेणें सोपें आहे. तिचें उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. समोरची वस्तु दिसणें, ती विमान आहे हें ओळखणें, टक्कर होणार हें समजणें, काय करावें हें ठरविणें, हात हलविणें, आणि मग त्या अवजड यंत्रानें वळणें, या सर्वांस मिळून सुमारें साडेबारा सेकंद लागतात असें अमेरिकेच्या विमानखात्याचें मार्गदर्शन सांगतें. दोन विमानें प्रत्येकीं २५० नॉट वेगानें, म्हणजे ताशीं सुमारें ४६० किलोमीटरनें, समोरासमोर येत असतील, तर तेवढ्या अवधींत त्यांच्यामधील तीन किलोमीटरांहून अधिक अंतर संपून जातें. म्हणजे त्याहून जवळ आल्यावर दिसणें हें न दिसण्यासारखेंच झालें. त्यांतच निसर्गाचा एक क्रूर विनोद आहे. आपला डोळा हलणारी वस्तु चटकन् टिपतो. पण जें विमान सरळ आपल्यावर आदळणार असतें, तें कांचेवर एकाच जागीं स्थिर ठिपक्यासारखें राहतें. तें सरकत नाहीं, केवळ मोठें होतें, आणि तेंहि अगदीं शेवटच्या क्षणांत. जें सर्वांत धोक्याचें, तेंच डोळ्यास सर्वांत कमी जाणवणारें.

अशा वेळीं त्या ठिपक्याच्या जागीं एक तेजस्वी तारा असेल तर काय होईल? येथेंच अडगळींत पडूं पाहणारा अवतरण-दीप पुन्हा कामास आला. अमेरिकेच्या विमानखात्यानें 'ऑपरेशन लाइट्स ऑन', म्हणजे 'दिवे लावा' या नांवाचा ऐच्छिक उपक्रम सुरू केला, आणि त्यांतील शिफारस आज जगांतील बहुतेक कंपन्यांच्या वैमानिकांची नित्याची सवय बनली आहे. उड्डाण करतांना दिवे लावावे. दहा हजार फुटांखालीं असतां दिवस असो वा रात्र, ते लावलेलेच ठेवावे. विमानतळापासून दहा मैलांच्या आंत, दृष्टि कमी पोंचेल अशा हवेंत, आणि पक्ष्यांचे थवे असण्याचा संभव असेल तेथें विशेष काळजीनें लावावे. दहा हजार फूट हा आंकडा उगीच घेतलेला नाहीं. लहान विमानें, शिकाऊ उमेदवार, हेलिकॉप्टरें व पक्षी यांची गर्दी बहुतांशीं त्याच्या खालींच असते, आणि २५० नॉटची वेगमर्यादाहि त्याच उंचीखालीं लागू होते. वर, निरभ्र एकांतांत, ताशीं आठ-नऊशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या विमानांना डोळ्यांचा भरंवसा फारसा पुरत नाहीं. तेथें नियंत्रकानें राखलेलें अंतर हेंच खरें रक्षण. म्हणून वैमानिक चढतांना दहा हजार फूट ओलांडले कीं दिवा मालवितो व उतरतांना तेथेंच पुन्हा लावतो.

दिवसा दिवा खरोखरच उपयोगी पडतो काय, असा संशय ज्यांस असेल त्यांनीं दुसऱ्या महायुद्धांतील एक विलक्षण प्रयोग लक्षांत घ्यावा. पाणबुडीवर चाल करून जाणारें विमान दूर अंतरावरूनच आकाशांत काळ्या ठिपक्यासारखें दिसे, व पाणबुडी बुडी मारून निसटे. तेव्हां अमेरिकन आरमारानें 'येहुदी' या सांकेतिक नांवाखालीं विमानाच्या पुढल्या बाजूस लहान दिव्यांच्या रांगा बसविल्या व त्यांचें तेज मागील आकाशाच्या तेजाशीं जुळवून घेतलें. जें विमान एरवीं बारा मैलांवरून दिसे, तें तीन हजार यार्डांपर्यंत जवळ येईतों दिसेना. दिव्यानें विमान लपविलें! यांतून निघणारा सिद्धान्त सरळ आहे. डोळ्यास दिसतो तो दिवा नव्हे. दिसतो तो दिवा व त्याची पार्श्वभूमि यांतील फरक. आकाशाएवढेंच तेज असेल तर विमान लोपतें; आकाशाहून कितीतरी अधिक असेल तर तें भर माध्यान्हीं चमकतें.

जमिनीवर या दिव्यास आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे, आणि तो रक्तानें लिहिला गेला आहे. १ फेब्रुवारी १९९१ रोजीं सायंकाळीं, काळोख पडल्यावर, लॉस एंजल्सच्या विमानतळावर एक लहान उतारू विमान धांवपट्टीवर उड्डाणाच्या हुकमाची वाट पाहत उभें होतें. नियंत्रकाच्या चुकीनें मागून येणाऱ्या बोइंग विमानास त्याच पट्टीवर उतरण्याची परवानगी मिळाली. लहान विमानाच्या मागील बाजूचे दिवे धांवपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले. तें उतरणाऱ्यांना दिसलें तेव्हां वेळ निघून गेली होती. तीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आज जो संकेत अमेरिकेच्या मार्गदर्शनांत सांगितला जातो तो असा: विमान धांवपट्टीवर येऊन उभें राहिलें कीं अवतरण-दीप सोडून इतर सर्व दिवे लावावे, आणि उड्डाणाची परवानगी मिळाली कीं मगच अवतरण-दीप लावावा. म्हणजे धांवपट्टीवर एकाएकीं पेटलेला तो प्रखर दिवा दुसऱ्या वैमानिकास सांगतो, "मी आतां धांवूं लागलों, आडवे येऊं नका." पाहण्याचें साधन दिसण्याचें साधन झालें, आणि शेवटीं तें बोलण्याचेंहि साधन झालें.

मात्र बोलावें केव्हां याइतकेंच गप्प बसावें केव्हां हेंहि सभ्यतेंत येतें. जमिनीवर सरपटत असतां समोरून येणाऱ्या वैमानिकाच्या किंवा हातांत झेंडे घेऊन विमान थांबविणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांवर हा झोत टाकला, तर तो कांहीं क्षण आंधळाच होतो. म्हणून तेथें दिवा मालवावयाचा. दाट ढगांत, धुक्यांत किंवा पडत्या बर्फांत तोच उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो व समोर पांढरी भिंत उभी करतो. तेथेंहि तारतम्य हवें. पक्ष्यांच्या बाबतींत झालेल्या प्रयोगांत कांहीं जातींचे पक्षी दिवा लावलेल्या विमानास लवकर ओळखून बाजूस होतात असें आढळलें. सर्व जातींस तो नियम लागू पडतो असें मात्र नाहीं. आपल्याकडील विमानतळांजवळच्या उकिरड्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारींचा उपाय दिव्यांत शोधण्यापेक्षां उकिरडे हटविण्यांत शोधणें अधिक शहाणपणाचें.

आणि दिव्यावर सर्व भार टाकणें किती घातक, हेंहि इतिहासानेंच दाखविलें आहे. २५ सप्टेंबर १९७८ रोजीं सॅन डिएगो येथें सकाळच्या स्वच्छ हवेंत एका मोठ्या बोइंगनें पुढें व खालीं असलेल्या लहान सेसना विमानास गांठलें आणि १४४ माणसें मेलीं. लहान विमानांतील माणसांना मागून येणारें विमान कसें दिसावें? अवतरण-दीप पुढें पाहतो. पाठमोऱ्यास तो काय सांगणार? बोइंगच्या वैमानिकांनींहि आधीं पाहिलेलें तें लहान विमान खालच्या घरांच्या गर्दींत हरवून टाकलें होतें. आपल्या देशांतील घाव तर याहूनहि खोल आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं सायंकाळीं हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत, दिल्लीहून चढणारें सौदी विमान व दिल्लीकडे उतरणारें कझाकस्तानचें विमान आदळलें, आणि ३४९ जीव गेले. हवेंतील टकरींत याहून मोठी प्राणहानि आजवर झालेली नाहीं. समोरून विमान येत आहे, तें दिसलें कीं कळवा, असें नियंत्रकानें कझाक वैमानिकांस सांगितलें होतें. पण त्यांचें विमान नेमून दिलेली पंधरा हजार फुटांची पातळी सोडून खालीं आलें. येण्याचा व जाण्याचा मार्ग त्या वेळीं एकच होता, आणि ढगांनीं तर डोळ्यांचा आधारच काढून घेतला होता. या अपघातानंतर आपल्याकडे येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि टक्कर टाळण्याची सूचना स्वतः देणारें यंत्र विमानांत सक्तीचें झालें. १९८६ सालच्या सेरिटोसच्या टकरीनंतर अमेरिकेनें जें केलें, तें आपण दहा वर्षांनीं आपल्या माणसांची किंमत देऊन केलें.

मग यंत्रें आलीं असतां हा दिवा कशाला, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. ज्या लहान विमानांत असें यंत्र नसतें, त्यांतील शिकाऊ मुलगा किंवा मुलगी आजहि मुख्यतः डोळ्यांच्याच भरंवशावर उडत असते. शिवाय एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तांबडे-हिरवे दिवे व टक्कर टाळण्यासाठीं लुकलुकणारा दिवा यांची कायद्यानें सक्ती आहे. पण भर उन्हांत अवतरण-दीप लावण्याची गोष्ट पुष्कळ अंशीं शिफारशीची, कंपनीच्या शिस्तीची व वैमानिकाच्या विवेकाची आहे. तो लावल्यानें लावणारास स्वतःला कांहींच अधिक दिसत नाहीं. त्याचा लाभ कोणा अनोळखी माणसास होतो, आणि त्याच्या द्वारें उभयतांस. ज्या नियमाचा लाभ आपणांस समोर दिसतो, तो पाळण्यास फारशी संस्कृति लागत नाहीं. जो पाळल्यानें आपण केवळ दुसऱ्याच्या नजरेस पडतों, तो पाळण्यांतच समाजाची परीक्षा असते.

पूर्वीच्या वैमानिकानें दिवा जपला, कारण तो तुटला तर आपणच आंधळे होऊं ही त्याला भीति होती. आजचा वैमानिक तो सढळ हातानें लावतो. आतां दिव्यांचें आयुष्य वाढलें आहे, आणि नव्या विमानांत तर तुटणारी तारच राहिलेली नाहीं. तेव्हां पुढल्या खेपेस एखाद्या मुलानें दुपारीं आकाशाकडे बोट दाखवून "उन्हांत दिवा कशाला?" असें विचारलें, तर त्यास एवढेंच सांगावें कीं तो दिवा वैमानिकासाठीं नाहीं. त्याच आकाशांत कोठेंतरी आज पहिल्यानेंच एकटा उडणारा कोणी एक उमेदवार असेल. त्याच्यासाठीं तो आहे.